जंगलातला डोंगरी रस्ता आणि रोड सायकल: मार्ग आखण्यापासून उतार संपेपर्यंत

सपाटीवर ८० किलोमीटर सहज मारणारे सायकलस्वार जंगलातल्या ८० किलोमीटरच्या डोंगरी फेरीला तोच हिशेब लावतात: ताशी २५, म्हणजे सव्वातीन तास, दोन बाटल्या पाणी आणि खिशात एखादा एनर्जी बार. मग मधल्याच चढावर पाणी संपतं, पाय बोलायला लागतात आणि फोनला रेंज नसते. यातल्या बहुतेक चुका घरी बसून आखणी करतानाच झालेल्या असतात.

आधी अंतर ठरवायचं आणि बाकी सगळं त्यात बसवायचं, ही पद्धत डोंगरात चालत नाही. क्रम असा ठेवा: रस्ता उघडा आणि डांबरी आहे का, चढ किती, वेळ किती, पाणी कुठे, आणि मग गिअर व ब्रेक. एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं, म्हणून मधली पायरी गाळू नका.

१. रस्ता उघडा आहे का, डांबर कुठपर्यंत आहे

जंगलातले रस्ते अनेक कारणांनी बंद होतात: दरड, वणव्याचा धोका, बर्फ, लाकूडतोड, पुलाची दुरुस्ती. नकाशाच्या ॲपवर हे बऱ्याचदा दिसतच नाही. जंगल ज्यांच्या अखत्यारीत आहे त्या वनविभागाच्या सूचना दोनदा बघा, एकदा मार्ग आखताना आणि एकदा आदल्या संध्याकाळी. फाटक फक्त मोटारींसाठी बंद आहे की सायकलींनाही मनाई आहे, हे सूचनेत नीट वाचा. लाकूडतोड चालू असलेल्या भागात फाटकाच्या बाजूने सायकल काढून आत जाणं म्हणजे कुठल्याही वळणावर ओंडक्यांचा ट्रक समोर येण्याची तयारी ठेवणं.

आता डांबराबद्दल. मार्ग सुचवणारी बरीच ॲप ओपनस्ट्रीटमॅपवरच्या माहितीवर चालतात. तिथे पृष्ठभागाची नोंद स्वयंसेवक करतात आणि जंगलातल्या अनेक रस्त्यांसाठी ती झालेलीच नसते. नोंद नसली की ॲप रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज बांधतं, आणि ‘रोड सायकल’ निवडूनही तुम्ही खडीवर जाऊन पोहोचता.

त्यामुळे मार्गाचा प्रत्येक तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून पाहा. डांबर एकसारखं करडं दिसतं आणि त्याच्या कडा स्पष्ट असतात. कच्चा रस्ता पिवळट किंवा तांबूस दिसतो, कडा पुसट असतात, कधी चाकोऱ्यांच्या दोन रेघा दिसतात. झाडांच्या छताखाली काहीच दिसत नसेल तर रस्त्यावरून काढलेले फोटो पाहा, पण ते कधीचे आहेत तेही बघा. स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर (वापरणाऱ्यांच्या नोंदींतून बनलेल्या नकाशावर) रेघ ठळक दिसली म्हणजे तिथून सायकली जातात एवढंच कळतं. त्या माउंटन बाइकही असू शकतात.

तपासा: ज्या तुकड्याची खात्री पटत नाही तो कच्चाच धरा. २५ मिमी टायरवर असे चार किलोमीटर म्हणजे पंक्चर, नाहीतर पायपीट. ३२ मिमी टायर घट्ट दबलेल्या खडीवर निभावतो.

२. चढाचा आलेख नीट वाचा

सरासरी चढ हा आकडा फसवा आहे. समजा ९ किलोमीटरचा चढ आहे आणि सरासरी ५ टक्के लिहिली आहे, म्हणजे एकूण ४५० मीटर. आता त्यात २ किलोमीटर सपाटी असेल आणि १ किलोमीटरमध्ये रस्ता ४० मीटर खाली उतरत असेल, तर उरलेल्या ६ किलोमीटरमध्ये ४९० मीटर चढायचे असतात. म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त. ५ टक्क्यांसाठी गिअर लावून आलेला माणूस इथे अडकतो.

म्हणून प्रत्येक मोठ्या चढाचे एकेक किलोमीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाचा चढ लिहा. त्याहून बारीक तुकड्यांवर विश्वास ठेवू नका. उंचीची माहिती बहुतेक वेळा साधारण ३० मीटरच्या चौकटींच्या जाळीवरून येते. ४० अंशांच्या डोंगरउतारावर नकाशातला बिंदू रस्त्यापासून २० मीटर सरकला तरी उंचीत १७ मीटरचा फरक पडतो. आलेखावर मध्येच दिसणारा २५ टक्क्यांचा सुळका बऱ्याचदा असाच खोटा असतो. दाट झाडीत तर कधीकधी जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांची उंची मोजली जाते. बोगदा असेल तिथे आलेख वरच्या डोंगराची उंची दाखवतो.

याच कारणाने एकाच मार्गाची एकूण चढाई दोन ॲपवर वेगवेगळी येते. हिशेब नेहमी मोठ्या आकड्यावर करा.

३. दिशा आणि बाहेर पडायच्या वाटा

गोल फेरी असेल तर कुठल्या बाजूने चढायचं हा निर्णय डोंगर किती ‘छान’ दिसतो यावर घेऊ नका. तीव्र, अरुंद, खराब डांबराची बाजू चढायला घ्या आणि रुंद, सौम्य बाजू उतरायला. खड्ड्यातून ताशी ८ किलोमीटरने चढताना फक्त हाल होतात, त्याच खड्ड्यात ताशी ४५ ने उतरताना हाड मोडतं. सर्वांत मोठा चढ शक्यतो पहिल्या अर्ध्यात आणा.

मग नकाशावर दोन-तीन ठिकाणी खूण करा, जिथून फेरी अर्धी सोडून वस्तीकडे उतरता येतं. प्रत्येक खुणेपाशी पोहोचायची शेवटची वेळही लिहा. ती टळली की पुढे जायचं नाही, हे घरीच ठरवून निघा. दमलेल्या माणसाचा तिथल्या तिथे घेतलेला निर्णय हमखास ‘अजून थोडं जाऊ’ असाच असतो.

४. वेळेचा हिशेब: चढ, उतार, सपाटी वेगळी

नियमित सायकल चालवणारा सर्वसाधारण माणूस तासाला ४०० ते ६०० मीटर उंची चढतो. स्वतःचा आकडा माहीत नसेल तर ५०० धरा, आणि जवळच्या एखाद्या चढावर एकदा मोजून घ्या.

उदाहरणार्थ ८० किलोमीटर आणि १८०० मीटर चढाई. चढ सरासरी ६ टक्के असतील तर ३० किलोमीटर चढाचे, ३० उताराचे, २० साधारण सपाटीचे.

चढ: १८०० भागिले ५००, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं.
उतार: ताशी ३० ने १ तास.
सपाटी: ताशी २० ने १ तास.
थांबे: तासाला १० मिनिटांप्रमाणे साधारण ५५ मिनिटं.

एकूण साडेसहा तास. सव्वातीन तासांच्या अंदाजाच्या बरोबर दुप्पट.

परतीची वेळ सूर्यास्तावरून मोजू नका. खोल दरीत सूर्य कड्यामागे गेला की रस्ता बराच आधी अंधारतो, आणि संधिप्रकाशातच प्राणी रस्त्यावर येतात. शेवटचा उतार सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी संपेल असं निघा.

५. पाणी आणि खाणं

मार्गावर पिण्याचं पाणी नक्की मिळणारी ठिकाणं खुणा करून घ्या आणि दोन ठिकाणांमधलं अंतर तासांत मोजा. चढावर दोन ठिकाणांमध्ये २० किलोमीटर असतील तर ते अडीच तास असू शकतात. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दोन-अडीच तास, त्यापुढे तिसरी बाटली किंवा पाठीवरची पिशवी हवीच. वजनासाठी पाणी कमी करू नका. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो असतील तर जादा एक लिटरने ६०० मीटरच्या चढावर एक मिनिटही वाढत नाही.

ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी गाळणी किंवा निर्जंतुकीकरणाच्या गोळ्यांशिवाय पिऊ नका. वर जनावरं असतात. गोळ्यांना लागणारा वेळ पाकिटावर लिहिलेला असतो, तो भरेपर्यंत थांबा.

खाण्यात तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. सहा तासांना ३६० ग्रॅम, वर एका तासाचं राखीव. भूक लागायची वाट पाहू नका, पहिला घास पहिल्या अर्ध्या तासात.

६. गिअर: इथे कंजूषी नको

रोड सायकलवर पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या (चेनरिंग) आणि मागे ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांची रास (कॅसेट, तिची एकेक चकती म्हणजे स्प्रॉकेट) ही जोडी फार दिसते. सपाटीवर ती उत्तम आहे, लांब चढावर बहुतेकांना जड पडते. ३४/२८, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ दाते, लावलं तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.५५ मीटर जाते. मिनिटाला ७० फेऱ्या ठेवल्या तर वेग ताशी १०.७ किलोमीटर होतो. ८ टक्के चढावर ८५ किलो घेऊन या वेगाला साधारण २१० वॅट लागतात. तेवढी ताकद तासभर टिकत नसेल तर फेऱ्या ५० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर जातो.

३४/३४ लावलं तर एका फेरीत २.१ मीटर, ७० फेऱ्यांना ताशी ८.८ किलोमीटर, आणि लागणारी ताकद साधारण १७५ वॅट. फरक फक्त मागच्या कॅसेटचा आहे. ८ टक्क्यांहून जास्त चढ दोन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर ३४ दात्यांची कॅसेट लावाच.

लावताना होणाऱ्या चुका:

मागचा डिरेलर (चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढी मोठी कॅसेट पेलतो का हे न बघणं. आखूड पिंजऱ्याचे (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) अनेक डिरेलर २८ किंवा ३० पर्यंतच चालतात. कमाल आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो.

जुनीच चेन ठेवणं. मोठ्या कॅसेटला चेन आखूड पडली आणि चुकून मोठी चेनरिंग आणि मोठी स्प्रॉकेट एकत्र आली, तर डिरेलर ताणून तुटतो.

‘एल’ स्क्रू (डिरेलरला स्पोककडे जास्त सरकू न देणारा) न तपासणं. स्टँडवर गिअर छान बदलतात, पण चढावर उभं राहून जोर दिला की चेन सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटच्या पलीकडे स्पोकमध्ये पडते. हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) किंचित वाकलेला असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

तपासा: निघण्याच्या किमान दोन दिवस आधी खऱ्या चढावर, पेडलवर उभं राहून, सर्वांत हलका गिअर तीनदा लावून पाहा.

७. ब्रेक आणि टायर

६०० मीटर उतरताना ८५ किलोची ५०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. काही हवेच्या विरोधात जाते, बाकी सगळी ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडते. जे ब्रेक गावात वर्षभर व्यवस्थित चालले, ते इथे एका तासात उघडे पडतात.

डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीला, म्हणजे रोटरला, पॅड दाबणारे): शिमानोच्या पॅडवरचा घर्षणाचा थर ०.५ मिमीवर आला की पॅड बदलायचे असतात, आणि रोटर १.५ मिमीपर्यंत झिजला की रोटर. डोंगरात जाताना थर १ मिमीपेक्षा कमी असेल तर नवे पॅडच लावा, कारण ओल्या उतारावर पॅड फार झपाट्याने झिजतात. नवे पॅड तसेच घेऊन निघू नका. आधी सपाटीवर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा घट्ट ब्रेक मारून ते बसवा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर ब्लीड करून (ब्रेकच्या तेलातली हवा काढून) घ्या.

रिम ब्रेक (चाकाच्या रिमलाच पॅड दाबणारे): पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईने काढा, रिम पुसून कोरडी करा, झिजेची खूण बघा. कार्बन रिमला तिच्या कंपनीने सांगितलेलेच पॅड लावा. रिम ब्रेकसोबत लेटेक्सची (पातळ रबराची) ट्यूब नको. लांब उतारावर रिम तापते आणि ट्यूब फुटते. टीपीयू (पातळ प्लास्टिकची) ट्यूब असेल तर रिम ब्रेकला चालते का, ते पाकिटावर वाचा.

टायर: ७५ किलोच्या स्वाराने २८ मिमी टायरसाठी मागे ७० पीएसआय आणि पुढे ६५ इथून सुरुवात करावी. रस्ता ओला असेल तर दोन्हीकडे ५ कमी. हुकलेस रिमवर (टायर धरणारी आकडी कडेला नसलेल्या) ७२ च्या वर कधीच जाऊ नका, मर्यादा ५ बारची आहे. टायरवर बोट फिरवून चिरा शोधा. कडेला धागे दिसत असतील तर तो टायर उतारावर न्यायचा नाही.

८. सोबतचं सामान आणि रस्त्याची पट्टी

दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, चेनब्रेकर असलेलं मल्टिटूल, आपल्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आपल्याच सायकलचा एक जादा हँगर, फाटक्या टायरला आतून लावायला जाड तुकडा, डिस्क असेल तर पॅडची एक जोडी. हँगर सगळ्यात हलका आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून सोबत्याचा उपयोगी पडेल या भरवशावर राहू नका.

कपड्यांत वाराप्रतिबंधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे उन्हाळ्यातही घ्या. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. घामाने भिजलेल्या अंगावर ताशी ४० चा वारा लागला की बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबता येत नाहीत. चष्मा फिकट काचेचा हवा. पानांच्या सावलीच्या चट्ट्यांत खड्डा आणि सावली सारखेच दिसतात, काळ्या काचेतून तर काहीच कळत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. दाट झाडीत आणि अरुंद दरीत जीपीएसचा बिंदू भरकटतो, म्हणून कागदाची एक पट्टी करून फ्रेमच्या वरच्या नळीवर चिकटवा:

१२.४ पाणी, पूल ओलांडून डावीकडे
१३.० चढ सुरू, ७.५ किमी
१७–१९ तीव्र, ९ टक्के
२०.५ खिंड, जाकीट
२४.१ गुरांची जाळी (गुरं अडवायला रस्त्यात आडवे बसवलेले गज)

पावसासाठी वरून पारदर्शक टेप लावा. फोन फ्लाइट मोडमध्ये ठेवा. रेंज शोधत राहिला की बॅटरी फार लवकर उतरते. घरच्यांकडे मार्गाची फाइल, परतीची वेळ आणि ‘या वेळेनंतर शोध सुरू करा’ अशी दुसरी वेळ देऊन निघा.

९. चढावर

पहिली १५ मिनिटं मुद्दाम हळू. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीव्र तुकडा यायच्या आधीच गिअर हलका करा, पेडलवर जोर असताना पुढची चेनरिंग बदलली तर चेन पडते. हेअरपिनची (रस्ता जवळपास उलटा फिरतो त्या वळणाची) आतली बाजू सर्वांत तीव्र असते, म्हणून मागेपुढे रस्ता स्पष्ट दिसत असेल तर आपल्याच लेनमध्ये राहून थोडं बाहेरून जा. दिसत नसेल तर कडेनेच.

लांब ट्रकचा ट्रेलर वळणावर आतल्या बाजूला कापत येतो. आवाज आला आणि तुम्ही वळणाच्या आत असाल तर उतरून डांबराबाहेर उभे राहा.

खिंडीत पोहोचल्यावर लगेच उतरू नका. आधी जाकीट आणि हातमोजे, मग खाणं, मग दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहणं आणि चाक फ्रेमला धरून ठेवणारा क्विक रिलीज किंवा थ्रू-ॲक्सल घट्ट आहे का ते बघणं.

१०. उतारावर

हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), दोन बोटं लिव्हरवर. वरून ब्रेक धरला तर जोर कमी पडतो आणि खड्ड्यात हात निसटतो.

वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच कमी करा. दोन्ही ब्रेक वापरा, मुख्य काम पुढच्याचं. वळणात शिरताना ब्रेक सोडलेला, बाहेरचं पेडल खाली आणि त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग. कोरड्या, ८ टक्के उतारावर ताशी ४० ने, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, थांबायला साधारण २७ मीटर लागतात, ताशी ६० ने ५० मीटरहून जास्त. झाडीतल्या आंधळ्या वळणावर कितीतरी वेळा २० मीटरसुद्धा दिसत नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे भीतीने ब्रेक सतत हलका धरून ठेवणं. ताशी २० ने ८ टक्के उतारावर असं उतरलात तर ब्रेकमध्ये सलग ३०० वॅटच्या आसपास उष्णता जात राहते, आणि वेग कमी असल्याने थंड करायला वाराही कमी असतो. घट्ट दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा.

सावधान: लिव्हर मऊ होऊन हँडलकडे जायला लागली, जळका वास आला किंवा ब्रेक कुरकुरून पकडेनासा झाला, तर लगेच थांबा आणि दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. रोटरला बोट लावू नका. त्यावर पाणी ओतू नका, तो वाकतो.

जंगलात सावलीतली वळणं वेगळी धरावी लागतात. उन्हातलं डांबर कोरडं असतं आणि पुढच्याच उत्तरेकडच्या वळणावर शेवाळ, ओली पानं किंवा सुया पडलेल्या असतात. वळणाच्या आत गाड्यांनी फेकलेली बारीक खडी साचते. असं काही वळणातच दिसलं तर सायकल उभी करत सरळ ओळ धरा आणि खडी ओलांडल्यावरच ब्रेक लावा. गुरांच्या जाळीवर काटकोनात, पेडल समपातळीत, ब्रेक न लावता जा.

हरणासारखा प्राणी रस्ता ओलांडून गेला की वेग कमीच ठेवा, मागून दुसरा येतो. मोठा प्राणी रस्त्यात उभा असेल तर लांबच थांबून तो जाईपर्यंत वाट बघा. पिल्लू आणि आईच्या मधून कधीही जायचं नाही.

११. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी पॅड काढून थर मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. त्या एका उतारावर किती झिजला हे कळलं की पुढच्या फेरीला नवे पॅड हवेत की नाही ते लगेच ठरवता येतं. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर बारीक सँडपेपरवर तो चमक जाईपर्यंत घासा आणि पुन्हा बसवा. चकाकी गेली नाही तर पॅड बदला. टायर उन्हात फिरवून बघत रुतलेले खडे आणि काचा काढा. प्रत्यक्ष चढायला लागलेला वेळ कलम ४ मधल्या अंदाजाशेजारी लिहा, त्यावरून तासाला किती मीटर चढलात ते काढा आणि पुढच्या मार्गासाठी ५०० ऐवजी तोच आकडा वापरा.